गाडी मधूनच दम सोडते तेव्हा



साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला डिझेल इंजिनाचे पान वाढलेले पाहून आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु घाटात रखडलेल्या बसच्या खिडकीशी बसून चालकाच्या पाठीकडे रागाने पाहण्याचा प्रसंग बहुतेकांवर केव्हा ना केव्हा आलेला असतो. गाडी सपाटीवर छान धावत असते. चढ लागतो, आवाज बदलतो, वेग चाळिसावरून पंधरावर येतो आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागतात. चालक गाडी कडेला घेतो, दहा मिनिटे थांबतो, पुन्हा सुरू करतो. आणि तीच गाडी जणू काही झालेच नाही अशा थाटात उरलेला घाट चढून जाते. पुढे आगारात तिची तपासणी होते आणि कागदावर शेरा पडतो: 'गाडी तपासली. दोष आढळला नाही.'

मोटार कामगारांच्या चौकशीच्या कामांत हा शेरा मला इतक्या वेळा वाचावा लागला आहे की, त्याच्यामागचे यंत्रशास्त्र शिकून घेणे मला भागच पडले. 'दोष आढळला नाही' आणि 'दोष नव्हता' ही दोन अगदी निराळी वाक्ये आहेत. पहिले तपासणाऱ्याविषयी सांगते, दुसरे गाडीविषयी. पहिल्याचे दुसरे करून टाकले की निष्कर्ष एकच उरतो, तो म्हणजे दोष चालकाचा. म्हणून मधूनच उद्भवणारा बिघाड कसा शोधावा, हा प्रश्न जितका कारखान्याचा आहे तितकाच न्यायाचाही आहे.

वैद्यकातले उदाहरण घेऊ. छातीत धडधड होते म्हणून एक गृहस्थ डॉक्टरांकडे जातात. तेथे हृदयाचा आलेख काढावा तर नाडी शांत! म्हणून डॉक्टर त्यांना खोटे ठरवीत नाहीत. नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाच्या नावाने ओळखले जाणारे एक लहानसे यंत्र ते चोवीस तास रोग्याच्या अंगावर बांधून ठेवतात आणि बरोबर एक टिपणवही देतात. त्रास झाला की वेळ लिहा, त्या वेळी आपण जिना चढत होता की निजला होता ते लिहा, असे बजावतात. मग यंत्राचा आलेख आणि वही शेजारी शेजारी ठेवून निदान होते. जो आजार दवाखान्यात येत नाही, त्याची साक्ष तो जेथे येतो तेथूनच आणावी लागते. गाडीचेही तंत्र याहून वेगळे नाही.

आता पहिला प्रश्न असा की, कारखान्याच्या आवारात हा बिघाड दिसत का नाही? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. प्रवाशांसकट पंधरा टन वजनाची बस घ्या. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने चालायला तिला सुमारे २० अश्वशक्ती पुरते. हीच बस दर २० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्याच वेगाने न्यायची म्हटली, तर तिचे वजन वर उचलण्यासाठीच आणखी ८० अश्वशक्ती लागते. एकूण मागणी शंभराच्या घरात, म्हणजे सपाटीच्या पाचपट झाली. आवारात दोन फेऱ्या मारणारी रिकामी बस तर त्या विसाहूनही कमी मागते. चूळ भरायला नळाची करंगळीएवढी धार पुरते, पण हौद भरायचा झाला की नळात साचलेला गाळ कळतो. ज्याची परीक्षा शंभराची, त्याला विसाचा पेपर देऊन 'उत्तीर्ण' असा शिक्का मारण्यात अर्थ नाही.

इंजिनाला ही शंभर अश्वशक्ती द्यायला काय काय लागते, ते थोडक्यात पाहू. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी इंधन पेटवते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, त्याला ठिणगीची गरज नव्हती. हवा एवढी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापावी आणि त्या तापल्या हवेत तेलाचा फवारा मारायचा. तो आपोआप पेट घेतो. आजही तत्त्व तेच आहे. म्हणजे इंजिनाच्या गरजा मोजक्या आहेत: हवा, तेल, जळालेला धूर बाहेर पडायला मोकळी वाट, आणि आजच्या इंजिनात या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या संगणकाचा हुकूम.

हवेची भूक केवढी असते, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. एक लिटर डिझेल पुरते जळायला किमान बारा किलो हवा लागते. बारा किलो हवा म्हणजे सुमारे दहा हजार लिटर! प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही बरीच जास्त हवा ओढते. तेलाची बाजू दुसऱ्या टोकाची आहे. तेल थोडे, पण दाब प्रचंड. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात नोझलपाशी तेलाचा दाब वातावरणाच्या दीड हजारपटीहूनही वर जाऊ शकतो. एवढ्या मोठ्या हवेच्या आणि एवढ्या मोठ्या दाबाच्या व्यवहारात कोठेही किंचित अडले, तर ते रिकाम्या गाडीत जाणवत नाही. घाटात मात्र जाणवते.

परंतु इंजिनाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. शक्ती खरोखर इंजिनातच कमी पडते की वाटेत गळते? काट्याकडे पाहा. इंजिनाचे फेरे वाढत आहेत, आवाज चढतो आहे, पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर इंजिन आपले काम करीत आहे आणि क्लच घसरतो आहे. फेरे आणि वेग दोन्ही बरोबरच पडत असतील, तर एखादा ब्रेक धरून बसलेला नाही ना, हे उतरून पाहावे. धरलेल्या ब्रेकचे चाक बाकीच्या चाकांपेक्षा तापलेले असते. हात न लावताही जवळ नेल्यावर त्याची धग लागते. एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धवट मिटून अडकली असली तरी गाडी अशीच मरगळते, कारण धुराची वाट कोंडते. एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि त्यात कित्येकदा हजारोंचा खर्च वाचतो.

आता हवा. एअर क्लीनर कोंदला तर गाडी रोजच मंद चालेल, तो मधूनच होणारा बिघाड नव्हे. मधूनच होणारा बिघाड करते ती रबरी नळी. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंत येणाऱ्या नळीचा आतला थर तेलाच्या वाफेने फुगून सुटतो. चढावर इंजिनाने जोराने हवा ओढली की नळी पोट आत घेऊन मिटते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की लगेच सरळ होते. गाडी उभी असताना बाहेरून पाहाल तर नळी ठाकठीक दिसते. टर्बोच्या पुढच्या नळीचे उलट असते. ती दाबाखाली असते, म्हणून तिला गेलेली चीर भार पडला तरच उघडते. त्या वेळी शिट्टीसारखा किंवा फुसफुसल्यासारखा आवाज येतो. जुन्या इंजिनात अशा वेळी काळा धूर निघे, कारण तेल तेवढेच आणि हवा कमी. नव्या इंजिनाचा संगणक हवा कमी दिसताच तेलही आवरतो, त्यामुळे धूर नाही आणि शक्तीही नाही. धूर नाही म्हणजे हवा पुरेशी आहे, असे आता म्हणता येत नाही.

तेलाचे प्रकार अधिक आहेत. फिल्टर कोंदला की भार पडताच तेल अपुरे पडते. त्या वेळी गाडी एकदम थांबत नाही, हळूहळू दम सोडते. टाकीत हवा यायची जी बारीक वाट असते ती मातीने बुजली, तर तेल कमी होत जाते तसतशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला तेल ओढणे जड जाते. टाकीचे झाकण उघडताच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन गाडी सुधारली, तर दोष सापडला असे समजावे. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचा एखादा बोल्ट ढिला किंवा तांब्याचा वॉशर झिजलेला असला, तर तेथून बाहेर थेंब पडत नाही. उलट आत हवा ओढली जाते. मिस्त्री याला 'गाडीने एअर घेतली' म्हणतात. वाटेत हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. आणि शेवटचा, सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे टाकीत पडलेली चिंधी, कागद किंवा प्लास्टिकचा तुकडा. तेलाच्या ओढीने तो तरंगत येऊन नळीच्या तोंडावर बसतो. इंजिन बंद केले, ओढ थांबली, की सुटून तळाशी जातो. पुन्हा गाडी निर्दोष!

राहिली हुकुमाची बाजू, म्हणजे वीज. इंजिनाचा फेरा मोजणारा सेन्सर तापल्यावर मुका होतो आणि निवल्यावर बोलू लागतो. ॲक्सिलरेटरच्या पायाखाली दोन वेगळे मोजमाप करणारे सेन्सर असतात. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की संगणक दोघांवरही विश्वास ठेवीत नाही आणि शक्ती आवरतो. वायर कोठेतरी लोखंडाला घासते आणि एका ठराविक हादऱ्यालाच टेकते. अर्थिंगचा बोल्ट गंजतो. त्या गंजाचा अडथळा ओहमच्या दहाव्या हिश्श्याइतका जरी असला, तरी दहा अँपिअर प्रवाहाला त्यातच एक पूर्ण व्होल्ट खर्ची पडतो. अशा बिघाडाची खूण म्हणजे त्याचा अचानकपणा. तेलाची उणीव संध्याकाळसारखी हळूहळू येते. विजेची उणीव दिवा मालवावा तशी एका क्षणात येते. हा नियम शंभर टक्के नाही, पण शोध कोठून सुरू करावा हे सांगायला पुरेसा आहे.

नव्या गाड्यांत आणखी एक प्रकार आला आहे, तो आपण सर्वांनी समजून घ्यावा. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना बीएस-सहा ही धूरनियंत्रणाची कसोटी लागू झाली. या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळून टाकायला धूर खूप तापावा लागतो, सुमारे सहाशे अंश. गाडी जर शहरातल्या शहरात थांबत थांबत चालत असेल, तर तेवढे तापमान येत नाही, जाळी कोंदत जाते आणि संगणक शक्ती कमी करतो. मोठ्या गाड्यांत युरियाचे ३२.५ टक्के मिश्रण असलेला एक द्रव धुरात फवारला जातो. तो संपला किंवा भेसळीचा निघाला, तरी संगणक गाडीला आवरतो. ही गाडी एका अर्थी बिघडलेली नसते. तिला बजावून सांगितलेले असते की आता जपून चाल. मात्र चालकाला हे कोणी समजावून सांगितले नसेल, तर त्याच्या दृष्टीने गाडी घाटात एकाएकी मेली एवढेच खरे.

एवढी कारणे ऐकून आपण म्हणाल, ही निवडायची कशी? माझ्या मते येथे सगळ्यांत उपयोगी प्रश्न हा आहे की, गाडी बरी कशी झाली? ॲक्सिलरेटर सोडताच बरी झाली, तर मिटणारी नळी किंवा फाटका दाबमार्ग पाहावा. किल्ली बंद करून लगेच चालू केल्यावर बरी झाली, तर संगणकाने आवरले होते; का आवरले ते पाहावे. टाकीचे झाकण उघडल्यावर बरी झाली, तर टाकीची श्वासवाट पाहावी. दहा-पंधरा मिनिटे उभी राहिल्यावरच बरी होत असेल, तर दोनच मोठ्या शक्यता उरतात: तापलेला विजेचा भाग, नाहीतर टाकीतला तरंगता अडथळा. हा प्रश्न कारखान्यातल्या कोणत्याही यंत्राला विचारता येत नाही. तो फक्त त्या वेळी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसालाच विचारता येतो.

येथे कोणी म्हणेल, आता संगणक आहे, तो यंत्राला जोडला की दोषाचा क्रमांक मिळतो. चालकाला विचारायचे कारण काय? क्रमांक जरूर वाचावा. त्याबरोबर त्या क्षणी वेग किती, फेरे किती, पाण्याचे तापमान किती, याचीही नोंद पुष्कळ गाड्यांत साठवलेली असते, तीही वाचावी. मात्र क्रमांक म्हणजे निकालपत्र नव्हे. 'चोर, चोर' म्हणून जो ओरडला तो साक्षीदार असतो, चोर नसतो. 'तेलाचा दाब कमी' असा क्रमांक आला म्हणून दाबाचा पंप बदलणे म्हणजे ओरडणाऱ्यालाच पकडून नेणे आहे. दाब कमी पडला तो पंप झिजल्यामुळे, फिल्टर कोंदल्यामुळे की टाकीतच अडथळा असल्यामुळे, हे क्रमांक सांगत नाही. शिवाय नळी क्षणभर मिटली आणि सुटली, तर पुष्कळदा क्रमांक पडतच नाही.

एका प्रकरणाची हकिकत सांगतो. गाव आणि आगार यांची नावे येथे महत्त्वाची नाहीत. एका चालकावर ठपका होता की, घाटात गाडी मुद्दाम रेंगाळवून त्याने फेरी वारंवार उशिरा आणली. गाडी दोनदा तपासली गेली. पहिल्या खेपेला फिल्टर बदलले, दुसऱ्या खेपेला पंप उतरवून दुरुस्तीला पाठवला. दोन्ही वेळा आवारात ट्रायल झाली आणि शेरा तोच पडला. चालकाला लिहिण्याचा कंटाळा होता. तरी संघटनेच्या आग्रहावरून त्याने एक वही ठेवली. नऊ फेऱ्यांची टिपणे जमली. नवांपैकी पाच वेळा गाडीने दम सोडला होता. पाचही वेळा चढावर, उतारावर एकदाही नाही. पाचही वेळा अर्ध्या तासाच्या सलग ओढीनंतर. दम हळूहळू गेला, एका क्षणात नाही. क्लच घसरला नाही, काळा धूर आला नाही. किल्ली लगेच फिरवून उपयोग झाला नाही. दहा मिनिटे थांबल्यावर प्रत्येक वेळी गाडी सुधारली. शेवटच्या दोन वेळा त्याने टाकीचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा सुस्काराही आला नाही आणि फरकही पडला नाही.

ही वही म्हणजे अर्धे निदानच होते. हळूहळू जाणारा दम विजेकडे बोट दाखवीत नव्हता. झाकण उघडून फरक पडला नाही, म्हणजे श्वासवाट मोकळी होती. सुधारायला दहा मिनिटे लागत, म्हणजे मिटणारी नळी नव्हती. फिल्टर आणि पंप तर नवे होते. मग टाकीच उरली. चौकशीत आम्ही एकच मागणी केली: गाडीची टाकी तात्पुरती बाजूला ठेवा, दुसऱ्या स्वच्छ टाकीतून तेल द्या, प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरा आणि तोच घाट चढवा. गाडी दोनदा न थांबता वर गेली. मग मूळ टाकी उतरवून धुतली, तेव्हा तळाच्या गाळातून निघाली ती तेलाच्या डब्याच्या तोंडावर असते तसली चांदीच्या कागदाची एक चकती. आठ आण्यांएवढा तो तुकडा. त्याच्यापायी एक पंप उतरला आणि एका माणसाची नोकरी टांगणीला लागली होती. ठपका मागे घेण्यात आला.

त्या आगारातल्या मिस्त्र्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्यापुढे रोज सकाळी किती गाड्या बाहेर काढायच्या याचा आकडा असतो. घाटापर्यंत गाडी नेऊन भर चढावर ट्रायल मारायला त्यांना वेळही दिला जात नाही आणि तेलही. शिवाय त्यांच्या हाती जी तक्रार येते ती बहुधा तीन शब्दांची असते: 'गाडी ओढत नाही.' या तीन शब्दांवरून ब्रह्मदेवालाही निदान करता येणार नाही. तेव्हा कामगारांच्या सभेत मी जे सांगत आलो ते येथेही सांगतो. न्याय मागायचा असेल तर साक्ष नीट द्यायला शिकले पाहिजे.

हा विषय केवळ बसचा आणि ट्रकचा आहे असेही नाही. अलीकडे चाकांवरचे घर, म्हणजे ज्याला कॅराव्हॅन किंवा मोटारहोम म्हणतात ते, आपल्याकडेही दिसू लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. युरोपात ही घरे पूर्वीपासूनच पुष्कळ आहेत. त्यांपैकी बरीचशी फियाट डुकाटोसारख्या मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असतात. या गाड्यांना मधूनच दम सोडण्याची व्याधी अधिक जडते, आणि त्याची कारणे त्यांच्या जीवनक्रमातच आहेत. ट्रक कधी भरलेला तर कधी रिकामा असतो. घर मात्र बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी घेऊन सदा भरलेलेच. म्हणजे त्याला प्रत्येक चढ भारानिशीच चढायचा असतो. दुसरे, ते वर्षातले कित्येक महिने उभे असते. अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतला ओलावा थिजून पाणी तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढून शेवाळासारखा चिकट गाळ तयार होतो. पहिल्या मोठ्या प्रवासात तो हिंदकळून फिल्टरमध्ये जाऊन बसतो. उभ्या गाडीत उंदीरही बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. तिसरे, घर बांधणारे कारागीर दिवे, पंखे आणि दुसऱ्या बॅटरीसाठी मूळ वायरिंगला जागोजाग जोड देतात. तो जोड कच्चा राहिला, तर पंख्याचे दुखणे इंजिनाला भोवते.

म्हणून असे घर बाळगणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर टाकी तोंडोतोंड भरून ठेवावी. प्रवासाला निघण्यापूर्वी फिल्टरखालच्या भांड्यातले पाणी काढावे आणि एक जादा फिल्टर बरोबर घ्यावा. आणि नंतर जोडलेल्या सगळ्या वायरींचा कागदावर नकाशा काढून गाडीतच ठेवावा, कारण परगावच्या मिस्त्र्याला दुसऱ्या कोणी केलेले काम स्वप्नात दिसत नाही.

चालकाने वहीत काय लिहावे, ते आता एकत्र सांगतो. तारीख, वेळ आणि ठिकाण. चढ, सपाटी की उतार. गाडी भरलेली की रिकामी. कोणता गिअर, किती फेरे, किती वेग. सुरुवातीपासून किती वेळ सलग चालली होती, आणि तापमानाचा काटा कोठे होता. टाकीत तेल किती होते, आणि शेवटी कोठे भरले होते. दम हळूहळू गेला, एका क्षणात गेला की धक्के देत गेला. धूर कसला, आवाज कसला, कोणता दिवा लागला. आणि शेवटी, गाडी बरी कशी झाली. हे लिहायला पाच मिनिटे पुरतात. आठवणीवर भिस्त ठेवू नये. घाटातून उतरेपर्यंत माणूस रागावलेला असतो आणि रागाची आठवण नेमकी नसते. दम गेला नाही त्या फेऱ्याही लिहाव्यात, कारण गाडी कोठे ठीक चालली हीसुद्धा साक्षच आहे.

कारखान्यानेही दोन नियम पाळावेत. पहिला असा की, बिघाड पुन्हा घडवून आणल्याशिवाय किंवा मोजून पाहिल्याशिवाय भाग बदलू नये. दुसरा असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. आणि चार भाग खोलताना एखादा जोड हलून योगायोगानेच ती सुधारली असेल, तर पुढच्या महिन्यात ती त्याच घाटात पुन्हा उभी राहील.

यात जिवाचाही प्रश्न आहे. चढावर इंजिन पूर्ण बंद पडले, तर स्टिअरिंगची मदत जाते आणि ते जड होते. हवेच्या ब्रेकच्या टाकीत जेवढी हवा साठली आहे तेवढीच उरते, नवी भरत नाही. म्हणून दम जातो आहे असे दिसताच, तो पुरता जाण्यापूर्वीच, खालच्या गिअरवर येऊन गाडी कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, हातब्रेक ओढून चाकाला ओंडका किंवा दगड लावावा. निघताना तो दगड रस्त्यावरून बाजूला करावा. मागून रात्री येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्यावर अवलंबून असतो. आणि आपण प्रवाशांनी त्या दहा मिनिटांत चालकाच्या मागे लागू नये. वेळेवर पोहोचवा म्हणून आरडाओरडा करणारे चाळीस जण पाठीशी असले की, माणूस दमलेली गाडी तशीच पुढे रेटतो.

शेवटी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी. त्यांच्याकडे माझे मागणे फार मोठे नाही. 'दोष आढळला नाही' एवढ्यावर शेरा संपवू नये. कोणत्या भाराने, किती चढावर, किती वेळ चालवून तपासले, ते त्याच ओळीत लिहावे. आवारात रिकामी चालवली असेल तर तसे लिहावे. मग वाचणारा आपले मत बनवील. आणि एकाच गाडीची एकच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर कागद पुढे सरकवण्याऐवजी मिस्त्र्याला चालकाशेजारी बसवून, भरल्या गाडीने, त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर पाठवावे. त्यात एक दिवस जाईल आणि थोडे तेल जाईल. चालक खोटे बोलत असेल तर ते त्या दिवशी उघड होईल, आणि खरे बोलत असेल तर तेही होईल. दोन्ही बाजूंना सारखीच लागू पडणारी अशी कसोटी आपल्या व्यवहारात फार थोड्या ठिकाणी मिळते. मिळते तेथे ती वापरावी.